सैनिकांतील मुतखडा: पहिल्या कळेपासून पुन्हा ड्यूटीवर रुजू होईपर्यंत

पुण्यात कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडातला चार मिलिमीटरचा खडा आणि सियाचीनच्या चौकीवर चढण्याच्या तयारीत असलेल्या जवानाच्या मूत्रपिंडातला तेवढाच खडा, हे दोन्ही सोनोग्राफीच्या अहवालात एकाच वाक्यात लिहिले जातात. त्यांच्याबाबतचा निर्णय मात्र एकच असू शकत नाही. पहिल्याला कळ आली तर तो रिक्षाने अर्ध्या तासात रुग्णालयात पोहोचेल. दुसऱ्याला ती आली आणि हवामान बिघडलेले असले, तर हेलिकॉप्टर येईपर्यंत एक-दोन दिवसही जाऊ शकतात, आणि तेवढ्या वेळात त्याच्यासोबत गस्तीवर असलेल्या चौघांचे कामही थांबते. म्हणून सैनिकाच्या मुतखड्याबाबत खडा केवढा आहे हे विचारून भागत नाही. पुढचे तीन-चार महिने हा माणूस कोठे असणार आहे आणि तेथून रुग्णालय किती लांब आहे, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे ठरतात. हा लेख जवान, त्यांचे कुटुंबीय आणि माजी सैनिक यांच्यासाठी लिहिला आहे. निर्णय डॉक्टरांचाच राहील, पण त्यांना योग्य प्रश्न विचारता यावेत इतकी माहिती रुग्णाकडे असायला हवी.

सैनिकांना मुतखडा का होतो

लघवीत विरघळलेले क्षार प्रमाणाबाहेर दाट झाले की त्यांचे स्फटिक होतात आणि त्यांतून खडा वाढतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात; त्यापाठोपाठ कॅल्शियम फॉस्फेट आणि युरिक ॲसिडचे, संसर्गामुळे होणारे, आणि क्वचित अनुवंशिक दोषामुळे होणारे सिस्टिनचे. सैनिकाच्या आयुष्यात लघवी दाट होण्याची कारणे ओळीने उभी असतात. जैसलमेर, पोखरण किंवा बिकानेरजवळच्या महाजन रेंजवर उन्हाळ्यात सराव करताना तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो. गस्तीवर पाणी पाठीवर वाहून न्यावे लागते, त्यामुळे ते पुरवून प्यायची सवय लागते. चिलखती गाडीत, संत्रीच्या ड्यूटीवर किंवा ताफ्यात लघवीला थांबता येत नाही, म्हणून अनेक जण मुद्दाम कमी पितात. महिला अधिकारी आणि महिला जवानांमध्ये स्वच्छतागृहाच्या अभावी हा प्रकार अधिकच घडतो.

वाळवंटात तैनात अमेरिकी सैनिकांतील मुतखड्यांवरची निरीक्षणे १९४५ सालीच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर १९७५ मध्ये, पर्शियन आखातात गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या लघवीतील कॅल्शियम उन्हामुळे वाढते, असे दिसून आले. कुवेत आणि इराकमध्ये गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात तैनातीपासून त्रास सुरू होईपर्यंतचा सरासरी काळ ९३ दिवस निघाला. म्हणजे उष्ण प्रदेशात बदली झाल्यावर पहिले तीन महिने खबरदारीचे असतात. एप्रिलमध्ये राजस्थानात रुजू झालेल्या पलटणीत जुलैच्या सुमारास कमरेच्या कळांच्या तक्रारी वाढल्या, तर त्यात आश्चर्य वाटू नये.

अति-उंचीवर चित्र वेगळे दिसते, पण परिणाम तोच होतो. थंड, कोरड्या हवेत श्वास जलद चालतो आणि श्वासावाटे पाणी जाते. तहान फारशी लागत नाही. पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागतो आणि त्यासाठी रॉकेल लागते. त्यात अति-उंचीच्या त्रासासाठी घेतली जाणारी ॲसिटाझोलामाइड ही गोळी (जवानांच्या तोंडी ‘डायमॉक्स’) लघवी अल्कधर्मी करते आणि तिच्यातील सायट्रेट (खडे रोखणारा घटक) घटवते, त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होण्याची शक्यता वाढते. चढाईपुरत्या थोड्या दिवसांच्या वापराने सहसा बिघडत नाही. ज्याला पूर्वी खडा झाला आहे त्याने मात्र ही गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगितलेच पाहिजे. जहाजाच्या इंजिन रूममधील उष्णता आणि पाणबुडीतील बंदिस्त जीवन यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

पहिली पायरी: कळ ओळखणे

मुतखड्याची कळ बरगडीच्या खाली, कुशीत किंवा पाठीत अचानक सुरू होते आणि पोटाच्या बाजूने जांघेकडे, पुरुषांत अंडकोषाकडे उतरते. ती लाटांनी येते, मळमळ-उलटी होते, आणि रुग्णाला कोणत्याही स्थितीत स्वस्थता मिळत नाही. पोटात संसर्ग झालेला माणूस हलायलाही घाबरून निपचित पडतो, तर मुतखड्याचा रुग्ण बराकीत येरझाऱ्या घालतो, खाटेवर बसतो, उठतो, गुडघ्यावर टेकतो. हा फरक अनुभवी नर्सिंग असिस्टंटला दारातूनच दिसतो. खडा मूत्राशयाजवळ आला की वारंवार लघवीची भावना आणि जळजळ होते, आणि तेथे अनेकदा ‘इन्फेक्शन’ म्हणून नुसत्या अँटिबायोटिकवर वेळ घालवला जातो.

काही आजार हुबेहूब असे दिसतात. तरुण जवानाच्या अंडकोषात दुखत असेल, तर अंडकोषाला पीळ पडलेला नाही ना हे आधी पाहावे, कारण तेथे हातात फक्त काही तास असतात. उजवीकडे खाली दुखत असेल तर अपेंडिक्सचा विचार करावा. स्त्री रुग्णात गर्भधारणा आहे का, विशेषतः गर्भाशयाबाहेरची, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पन्नाशी ओलांडलेल्या माजी सैनिकाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली, तर पोटातील महाधमनी फुगलेली नाही याची खात्री करणे आवश्यक असते.

लाल लघवीबाबत सैन्यात दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्या लागतात. लांब पल्ल्याच्या धावण्यानंतर किंवा रूट मार्चनंतर लघवीत रक्त दिसू शकते आणि ते दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने थांबते. पण बीपीईटीसारख्या शारीरिक क्षमतेच्या कष्टाच्या चाचणीनंतर लघवी कोलासारखी गडद तपकिरी झाली आणि मांड्या-पोटऱ्या सुजून दुखू लागल्या, तर ते स्नायूंच्या विघटनाचे लक्षण असते. तो मुतखडा नसतो, आणि त्यात मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून त्या रुग्णाला तातडीने हलवावे लागते.

दुसरी पायरी: एमआय रूममधला (युनिटच्या दवाखान्यातला) पहिला तास

तपासणीची सुरुवात थर्मामीटरने करावी. ताप, नाडी, रक्तदाब, लघवीची पट्टी-तपासणी आणि शेवटची लघवी कधी झाली, या पाच गोष्टी इंजेक्शनच्या आधी नोंदवल्या गेल्या, तर पुढच्या रुग्णालयाचे अर्धे काम सोपे होते. लघवीच्या पट्टीत रक्त दिसले नाही म्हणून खडा नाही असे समजू नये.

वेदनेसाठी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके प्रथम पसंतीची आहेत. बहुतेक रुग्णांत ती मॉर्फिनच्या वर्गातील औषधांइतकीच उपयोगी पडतात आणि उलट्याही कमी होतात. परंतु सैनिकाच्या बाबतीत येथेच एक मेख आहे. दिवसभर उन्हात कोरडा पडलेला, लघवी जवळपास न झालेला जवान आला आणि त्याला लगेच डायक्लोफेनॅक दिले, तर आधीच रक्तपुरवठा घटलेल्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अशा वेळी शिरेतून पॅरासिटामोल, गरज पडल्यास ट्रामाडॉल, आणि आधी शरीरातील पाण्याची तूट भरून काढणे हा सुरक्षित क्रम ठरतो. तूट भरून निघाल्यावर मात्र सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्याने खडा ‘वाहून’ जात नाही; अडलेल्या नळीवर दाब वाढून वेदनाच वाढू शकते. हा समज इतका रुजला आहे की रुग्णाचे सोबतीच बाटलीचा आग्रह धरतात.

औषधांचा ड्यूटीशी असलेला संबंध बहुतेक ठिकाणी सांगायचा राहून जातो. ट्रामाडॉलने गुंगी येते. ते घेतलेल्या माणसाच्या हाती शस्त्र किंवा वाहन देऊ नये. पोटातील मुरड्यासाठी दिली जाणारी हायोसिनसारखी औषधे घाम कमी करतात, त्यामुळे रणरणत्या उन्हात परत पाठवलेल्या जवानाला उष्माघाताचा धोका वाढतो. खडा उतरावा म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनने उठताना रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. कड्यावर चढणाऱ्या, उंच मनोऱ्यावर पहारा देणाऱ्या किंवा विमान चालवणाऱ्या माणसासाठी ही किरकोळ बाब नाही.

तिसरी पायरी: कोणाला लगेच हलवायचे

ताप किंवा थंडी वाजून येणे, लघवी पूर्ण बंद होणे, एकच मूत्रपिंड कार्यरत असणे, दोन्ही बाजूंना खडे असणे, गर्भधारणा, इंजेक्शननंतरही न थांबणारी कळ, आणि पाणीही पोटात न टिकणारी उलटी, यांपैकी एक गोष्ट असली तरी रुग्णाला थांबवून ठेवू नये. यातील तापाला मी सर्वांत वर ठेवतो. अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला, तर नुसत्या अँटिबायोटिकने तो आटोक्यात येत नाही. काही तासांत रक्तात संसर्ग पसरून रक्तदाब कोसळतो. अशा रुग्णात पहिले काम अडकलेली लघवी मोकळी करण्याचे असते. त्यासाठी आतून डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) घालतात किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी बसवतात. त्याच बैठकीत खडाही काढून टाका, असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. संसर्ग ओसरल्यावर खडा काढणे हाच मान्य मार्ग आहे.

फॉरवर्ड भागात हा निर्णय रेजिमेंटल मेडिकल ऑफिसरला घ्यावा लागतो. रुग्ण तेथून फील्ड रुग्णालय, मिलिटरी हॉस्पिटल आणि युरोलॉजिस्ट असलेले कमांड हॉस्पिटल अशा साखळीने पुढे जातो. दुपारनंतर हवामान बिघडण्याची शक्यता असलेल्या चौकीवरून, सकाळी थोडी लवकर मागितलेली मदत ही संध्याकाळी उशिरा मागितलेल्या मदतीपेक्षा केव्हाही बरी.

चौथी पायरी: तपासण्या

सोनोग्राफी सोपी आणि किरणोत्साराविना होणारी असते. मूत्रपिंडाला सूज आली आहे का हे ती चांगले सांगते, पण मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या) मधल्या भागातला खडा तिच्यातून निसटू शकतो. शिवाय तीन-चार मिलिमीटरच्या खड्याचे माप ती अनेकदा वाढवून दाखवते. साध्या एक्स-रेमध्ये युरिक ॲसिडचे खडे दिसत नाहीत. नेमके निदान हवे असेल तर औषध न टोचता केलेला सीटी स्कॅन सर्वोत्तम असतो. त्यातून खड्याची जागा, माप आणि घनता कळते, आणि घनतेवरून तो फोडायला किती कठीण जाईल याचा अंदाज येतो. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), युरिक ॲसिड, कॅल्शियम आणि लघवीचे कल्चर करावे. जिममध्ये क्रिएटिन घेणाऱ्या जवानाने ते आधी सांगावे, म्हणजे किंचित वाढलेल्या क्रिएटिनिनचा अर्थ लावताना गफलत होणार नाही.

पाचवी पायरी: वाट पाहायची की काढायचा

मूत्रवाहिनीत आलेले पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांत ही शक्यता साधारण निम्म्यावर येते, आणि खडा जितका खाली, तितकी ती जास्त असते. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांना टॅमसुलोसिनची मदत होते. ते घेताना वीर्यस्खलन कमी झाल्यासारखे वाटू शकते, पण औषध थांबल्यावर ते पूर्ववत होते. संसर्ग नसेल, मूत्रपिंडाचे कार्य ठीक असेल आणि कळ आटोक्यात असेल, तर चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. या काळात लघवी चहाच्या गाळणीतून किंवा पातळ कापडातून गाळावी, सापडलेला खडा कोरड्या बाटलीत ठेवावा आणि त्याचे रासायनिक विश्लेषण करून घ्यावे. वाळूच्या कणाएवढा तुकडाही पुरतो.

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे मात्र धरून चालू नये. पूर्ण अडलेले मूत्रपिंड काही दिवसांनी दुखायचे थांबते, कारण त्याचे काम मंदावलेले असते. अनेक आठवडे असेच गेले तर ते कायमचे निकामी होऊ शकते. सैन्यात हा धोका वाढण्याचे कारण सरळ आहे. प्रमोशन कॅडर जवळ आलेला असतो, परदेशी मिशनसाठी नाव गेलेले असते, किंवा ‘कॅट लागेल’, म्हणजे वैद्यकीय पात्रतेची खालची श्रेणी मिळेल, ही भीती असते, म्हणून जवान खिशातल्या गोळीवर कळ मारून सिक रिपोर्ट करत नाही, म्हणजे आजारी असल्याचे कळवत नाही. गाळणीत खडा सापडला नसेल, तर पुन्हा सोनोग्राफी किंवा सीटी झालीच पाहिजे.

आता पुन्हा नेमणुकीच्या प्रश्नाकडे येऊ. मूत्रपिंडात निवांत बसलेला, न दुखणारा चार-पाच मिलिमीटरचा खडा शांत ठाण्यातील क्लार्कच्या बाबतीत वर्षाकाठी एकदा तपासून सोडून देता येतो. तोच खडा पाणबुडीवर जाणाऱ्या नौसैनिकाच्या, वैमानिकाच्या किंवा हिवाळ्यात वाट बंद होणाऱ्या चौकीवर निघालेल्या जवानाच्या मूत्रपिंडात असेल, तर आधी काढून टाकण्याचा विचार करणे योग्य ठरते. युरोलॉजिस्टला बदलीची तारीख आणि ठिकाणाचे स्वरूप सांगणे हे रुग्णाचे काम आहे. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.

सहावी पायरी: कोणती शस्त्रक्रिया

बाहेरून ध्वनिलहरींच्या आघाताने खडा फोडण्याच्या पद्धतीचा उगम विमानांशी जोडलेला आहे. जर्मनीतील डॉर्निए ही विमाने बनवणारी कंपनी, ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून होणाऱ्या नुकसानीचा अभ्यास करत असताना आघातलहरींचे हे तंत्र हाती लागले, आणि म्युनिकमध्ये क्रिस्तियान शॉसी यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्या रुग्णावर ते वापरले. चिरफाड नाही, बहुधा भूलही नाही, हा तिचा मोठा गुण. पण तुकडे आपोआप पडायला आठवडे लागतात, एकाहून जास्त बैठका लागू शकतात, आणि तुकड्यांची रांग मूत्रवाहिनीत अडकू शकते. अतिशय कठीण खडा, मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातला मोठा खडा, गर्भधारणा, रक्त पातळ करणारी औषधे किंवा अंगात संसर्ग असेल तेव्हा ती टाळावी.

लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून लेझरने खडा फोडण्याच्या पद्धती (मूत्रवाहिनीसाठी युआरएस, मूत्रपिंडासाठी आरआयआरएस) एकाच बैठकीत खडा पूर्ण निघण्याची शक्यता वाढवतात. लवकर दूरच्या ठाण्यावर जायचे असेल, तर मला हाच मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यांसाठी पाठीतून छोटे छिद्र पाडून करण्याची पीसीएनएल उत्तम. ती स्वीडनमध्ये १९७६ पासून सुरू झाली. तिच्यात रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त असतो, पण मोठा खडा तिने लवकर साफ होतो. पोट उघडून करण्याची शस्त्रक्रिया आता क्वचितच करावी लागते. युरिक ॲसिडचा खडा असेल, तर लघवी अल्कधर्मी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने तो विरघळू शकतो. नेहमीच्या खड्यांपैकी औषधाने खरोखर विरघळणारा हा एकच प्रकार म्हणता येईल.

कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, गोखरूचा काढा हे सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून सुटीवर आलेल्या जवानाला आग्रहाने दिले जातात. कढण पिण्याने पाणी पोटात जाते, ते चांगलेच आहे. पण कॅल्शियमचा अडलेला खडा त्याने विरघळतो याला भरवशाचा पुरावा नाही, आणि महिन्याची सुटी काढ्यांत संपवून जवान न तपासता परत गेला, तर मूत्रपिंडाचे नुकसान होऊ शकते. बिअरचेही तसेच आहे. लघवी वाढते खरी, पण नंतर शरीर कोरडे पडते आणि युरिक ॲसिड वाढते.

सातवी पायरी: स्टेंट, विश्रांती आणि मेडिकल कॅटेगरी

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट ठेवतात. तो आत असेपर्यंत लघवी लालसर होणे, लघवी करताना कुशीत ओढल्यासारखे दुखणे, वारंवार जावे लागणे, हे होतच असते. पिठ्ठू (पाठीवरचे ओझे) घेऊन धावले की रक्त वाढते, म्हणून स्टेंट असेपर्यंत पीटी परेडमधून लेखी सूट घ्यावी. स्टेंट सहसा काही दिवस ते चार आठवड्यांत काढतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर त्याच्यावरच खडे साचतात आणि तो काढणे ही स्वतंत्र मोठी शस्त्रक्रिया होऊन बसते. बदली, सुटी, कोर्स, लागोपाठ दोन ठाणी, यांत स्टेंट विसरला जाण्याची शक्यता सैन्यात इतर कोठल्याहीपेक्षा जास्त. त्यामुळे डिस्चार्जच्या कागदावर ‘स्टेंट आहे’ आणि ‘अमुक तारखेपर्यंत काढायचा’ या दोन ओळी लिहून घ्याव्यात, तीच तारीख घरच्यांनाही सांगावी, आणि स्टेंट काढल्याशिवाय मूव्हमेंट ऑर्डर निघत असेल तर ते आपल्या मेडिकल ऑफिसरच्या नजरेस आणून द्यावे.

ध्वनिलहरींच्या उपचारानंतर दोन-तीन दिवसांत आणि स्टेंटविना झालेल्या युआरएसनंतर साधारण आठवड्यात हलके काम करता येते. पीसीएनएलनंतर मात्र सुमारे चार आठवडे जड वजन उचलू नये.

सेनादलात शारीरिक पात्रता ‘शेप’ या पाच घटकांच्या पद्धतीने ठरते, आणि मुतखडा त्यातील ‘पी’ म्हणजे शारीरिक क्षमतेखाली येतो. उपचारानंतर काही आठवड्यांसाठी तात्पुरती खालची कॅटेगरी मिळणे आणि नंतरच्या वैद्यकीय बोर्डात ती वर जाणे हा नेहमीचा प्रवास आहे. पुनर्तपासणीला जाताना खडा पूर्ण निघाल्याचा ताजा स्कॅन, खड्याचे विश्लेषण आणि क्रिएटिनिनचा अहवाल हाती असला, तर बोर्डाला निर्णय घेणे सोपे जाते. उष्ण किंवा अति-उंचीच्या ठाण्यावर केव्हा आणि किती काळ होतो, तेथे पहिली कळ केव्हा आली, याचीही नोंद कागदावर हवी. आजार सेवेमुळे झाला किंवा बळावला का, हा प्रश्न पुढे निवृत्तीच्या वेळच्या बोर्डात उभा राहतो, आणि तेव्हा तोंडी आठवणींना फारसे वजन नसते.

आठवी पायरी: पुन्हा होऊ नये म्हणून

एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या पाच ते दहा वर्षांत पुन्हा होतो. पाण्याचा उपयोग किती होतो हे इटलीतील १९९६ च्या एका अभ्यासाने नेमके दाखवले. पहिला खडा झालेल्या रुग्णांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत १२ टक्क्यांना, तर इतरांत २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. ध्येय ठेवायचे ते लघवीचे: दिवसाला अडीच लिटर. म्हणजे बराकीत तीन-साडेतीन लिटर पाणी पुरेल, पण पोखरणच्या उन्हात आठ-दहा लिटरही लागू शकते. कामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करावे. किलोभर घटले तर लिटरभर पाणी कमी पडले असे समजावे. लघवी फिकट पिवळी असावी, आणि रात्री एकदा लघवीला उठावे लागले तर पाण्याचे प्रमाण जमले असे मानावे. अतिरेकही करू नये. अमेरिकी लष्कराच्या सूचनांत ताशी सुमारे १.४ लिटर ही पाण्याची वरची मर्यादा दिली आहे, कारण त्यापलीकडे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

मिठाबाबत सैनिकाची खरी अडचण होते. मीठ जास्त झाले की लघवीत कॅल्शियम वाढते, म्हणून खडा झालेल्याला मीठ कमी करायला सांगतात. उलट घामातून गेलेले मीठ भरून काढले नाही तर उन्हात माणूस कोसळतो. यातून मार्ग असा काढावा, की कष्टाच्या तासांत ओआरएसचे प्रमाणबद्ध पाणी घ्यावे (जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातील ओआरएसमध्ये लिटरला २.९ ग्रॅम सायट्रेटचा क्षारही असतो, आणि सायट्रेट खडे रोखते), आणि लंगरमध्ये लोणचे, पापड, फरसाण, वरून घेतलेले मीठ यांना हात आखडता घ्यावा. लिंबूपाणी साखर-मिठाविना घेतले तर उत्तम.

दूध बंद करणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत चुकीची सूचना आहे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले तर ऑक्झलेट लघवीत जाते. २००२ च्या दुसऱ्या एका इटालियन अभ्यासात, लघवीत कॅल्शियम जास्त जाणाऱ्या पुरुषांची तुलना झाली. नेहमीइतके कॅल्शियम, कमी मीठ आणि कमी मांसाहार असा आहार घेणाऱ्यांत पाच वर्षांत २० टक्क्यांना खडा झाला, तर कमी कॅल्शियमच्या आहारावर असलेल्यांत ३८ टक्क्यांना. टोमॅटोची निंदाही उगीच होते, त्यात ऑक्झलेट फारसे नसते. पालक, अळू, बीट, बदाम आणि दिवसभरचा कडक चहा यांवर लक्ष ठेवावे. अळूची भाजी खायचीच असेल तर सोबत दही असावे. बडा खान्याच्या (युनिटच्या मेजवानीच्या) रात्रीचे मटणाचे ताट चालेल, रोजचे नको. दिवसाला एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त क जीवनसत्त्वाच्या गोळ्या पुरुषांत खड्याचा धोका वाढवतात. चांगले जेवण मिळत असताना त्यांची गरज नसते.

वारंवार खडे होत असतील, दोन्ही बाजूंना असतील किंवा पंचविशीच्या आत पहिला झाला असेल, तर २४ तासांच्या लघवीची चाचणी आणि कॅल्शियम वाढलेले असल्यास पॅराथायरॉइडची (कॅल्शियमचे नियंत्रण करणाऱ्या ग्रंथीची) तपासणी करावी. ही लघवी सुटीतल्या आरामाच्या दिवशी गोळा करू नये. रोजच्या कामाच्या दिवशीची हवी. पोटॅशियम सायट्रेट आणि गरजेनुसार ॲलोप्युरिनॉल ही उपयोगी औषधे आहेत. थायझाइड गटातील हायड्रोक्लोरोथायझाइडचा प्रभाव २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषधविरहित गोळीपेक्षा ठळक दिसला नाही. शिवाय उन्हात काम करणाऱ्याचे पाणी आणि पोटॅशियम ते आणखी घटवते, म्हणून त्याबाबत डॉक्टरांशी पुन्हा बोलावे.

सुटीवर, निवृत्तीनंतर आणि भरतीपूर्वी

सुटीवर असताना गावी कळ आली, तर जवळच्या सेवा रुग्णालयात जाणे सर्वांत सोयीचे असते: पुण्यात वानवडीचे कमांड हॉस्पिटल किंवा खडकीचे मिलिटरी हॉस्पिटल, मुंबईत कुलाब्याचे आयएनएचएस अश्विनी, गोव्यात वास्कोचे आयएनएचएस जीवंती. ताप असेल आणि ही ठिकाणे लांब असतील, तर आधी जवळच्या सिव्हिल किंवा खासगी रुग्णालयात जावे, युनिटला लगेच कळवावे आणि प्रत्येक कागदाची प्रत ठेवावी. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. एरवी योजनेच्या पॉलिक्लिनिकचे रेफरल घेऊन पॅनेलवरील रुग्णालयात जायचे असते, आणि आणीबाणीत पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचे असते. हे कळवणे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जमले पाहिजे, कारण रुग्ण त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नसतो. कार्ड कोठे ठेवले आहे हेही त्या माणसाला ठाऊक असावे.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी वैद्यकीय तपासणीच्या आठ दिवस आधी नव्हे, अर्ज भरतानाच एक सोनोग्राफी करून घ्यावी. अधिकारी प्रवेशाच्या तपासणीत पोटाची सोनोग्राफी होते, आणि मूत्रपिंडातला छोटा खडाही अपात्रतेचे कारण ठरू शकतो. निकष त्या त्या प्रवेशाच्या सूचनेत दिलेले असतात आणि ते बदलत राहतात, म्हणून चालू सूचनाच वाचावी. सोनोग्राफीच्या अहवालातील ‘२ मिमी’ हा ठिपका प्रत्यक्षात खडा नसून रक्तवाहिनीची किंवा चरबीची चमक असण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे तात्पुरते अपात्र ठरलेल्या उमेदवाराने खचून न जाता मुदतीत अपील करावे, आणि त्याआधी युरोलॉजिस्टच्या सल्ल्याने सीटी करून खात्री करून घ्यावी.